घरातली एकुलती एक बॅग

शिकागो
२४ सप्टेंबर १९७८

प्रिय अर्लीन,

पोचले. पप्पांची गाडी वाटेत दोनदा तापली, पण पोचली. मेम्फिसच्या पुढे ती जाणारच नाही असं तू ठासून सांगितलं होतंस, तेव्हा ही पैज तू हरलीस.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला खिडकी आहे आणि त्या खिडकीतून दुसऱ्या कुणाची तरी खिडकी दिसते. सामान म्हणशील तर घरमालकाची एक लोखंडी खाट, बस्स. मी खिडकीच्या कट्ट्यावर ताटली ठेवून उभ्यानंच जेवते. काही विकत घ्यायची घाई नाही. बॅगसुद्धा अजून रिकामी केलेली नाही; लागेल ते काढते आणि परत घडी करून ठेवते.

ऑफिस विमा कंपनीचं आहे. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही कितीतरी मुली ओळीनं बसतो आणि लोकांची जळलेली घरं नि आपटलेल्या गाड्या तीन-तीन प्रतींत टाइप करतो. गंमत म्हणजे मला ते आवडतंय. आणि सगळ्यात काय आवडतं सांगू? रस्त्यानं जाताना मला कुणी विचारत नाही, "काय गं क्लॉडेट, कुठं निघालीस?" आपल्या पोर्ट सेलेस्टीनमध्ये गोदीपासून चर्चपर्यंत चालत गेले की भेटेल त्याला हिशोब द्यावा लागायचा. इथं मी उलटी चालत गेले तरी कुणी मान वळवणार नाही.

ठरलंय ते लक्षात आहे ना? आईनं खानावळ दोघींना दिली आहे, तेव्हा वर्षभर डावी शेगडी माझी. पुढच्या सप्टेंबरात मी काय ते ठरवीन. तोवर माझा अ‍ॅप्रन खिळ्यावरून काढायचा नाही.

फोन करू नकोस. फोनवर मी रडते, तू गप्प बसतेस आणि लांबचा फोन फुकट जातो. पत्र लिही.

तुझी,
क्लॉडेट


पोर्ट सेलेस्टीन, लुईझियाना
१५ ऑक्टोबर १९७८

प्रिय क्लॉडेट,

मेम्फिसचं मान्य. गाडीपेक्षा तू हट्टी निघालीस, ते मी धरलं नव्हतं.

उभ्यानं जेवायला तू काय घोडा आहेस का? एक खुर्ची घे. आणि बॅग रिकामी कर, कपड्यांना कुबट वास लागेल. ती जपून वापर. घरातली एकुलती एक बॅग तू घेऊन गेलीस आणि ती मी घेतलेली होती हे विसरू नकोस. तिचं डावीकडचं कुलूप अडकतं. जोर करायचा नाही, जरासं वर उचलायचं आणि मग दाबायचं.

इकडे सगळं तसंच. कोळंबी बरी येतेय. बोटींवरची माणसं दुपारी एकदम येतात आणि एकदम ओरडतात. म्हातारा उलीस रोज गम्बोच्या रश्श्याचा पहिला घास घेतो आणि डोळे मिटून म्हणतो, "क्लॉडेटच्या हातचा नाही." मी म्हटलं, "मग शिकागोला जाऊन खा." तर म्हणतो, "बोट पोचत असती तर गेलो असतो."

दोन्ही शेगड्या मीच बघते. डावीवर गम्बोचं पीठ तेलात परतायचं, उजवीवर कोळंबी तळायची आणि मधूनच खिडकीतून ताटं द्यायची. पीठ किती नखरेल असतं ते तुला माहीत आहे. पाठ फिरवली की करपतं. पण होतं सगळं.

मावशीची यवेट आली होती काम मागायला. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला म्हणून गेला तो तिकडून टेक्सासमध्ये पसार झाला. मी तिला सांगितलं जागा नाही. जागा आहे, पण ती तुझी आहे.

अ‍ॅप्रन खिळ्यावर आहे.

अर्लीन


शिकागो
३ डिसेंबर १९७८

प्रिय अर्लीन,

खुर्ची अजून घेतली नाही, पण लाल बूट घेतले. आता ओरड.

मजा चालली आहे. शुक्रवारी ऑफिसातल्या मुली मला गाणं ऐकायला नेतात. तिथं एक बाई सोनेरी झगा घालून गाते आणि लोक खाणं थांबवून ऐकतात. सरोवर बघितलंस तर समुद्रच म्हणशील, फक्त त्याला आपल्यासारखा वास नाही. थँक्सगिव्हिंगला एका मैत्रिणीच्या घरी बोलावलं होतं. टर्की होती, भरपूर, आणि मिठाच्या नावानं शून्य. मी खिशातून लाल तिखटाची बाटली काढली तर तिची आजी माझ्याकडे पिस्तूल काढल्यासारखी बघत राहिली.

हे सगळं खरं आहे. पण आणखीही एक खरं आहे, ते तुलाच सांगते. ऑफिस सुटलं की मला खोलीवर जाववत नाही. मी कुठल्याही बसमध्ये चढते, ती शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि तिच्यातूनच परत येते. ड्रायव्हर ओळखायला लागलेत. आणि मागच्या रविवारी मी बॅग गाडीत टाकली आणि दक्षिणेकडे निघाले. इमारती संपल्या, मक्याची कापलेली शेतं लागली. एका पेट्रोल पंपावर कॉफी घेतली, गाडीत बसून राहिले आणि परत फिरले. का निघाले ते माहीत नाही, का फिरले तेही नाही.

मला तिथं थांबवत नव्हतं, आता इथंही थांबवत नाही. हे काय आहे गं? तुझं मला नवल वाटतं. त्या शेगडीपाशी तू अशी उभी राहतेस, जशी तिथंच उगवलीस. तुला कधी कुठं जावंसंच वाटलं नाही. मला तुझा हेवा वाटतो.

तुझी,
क्लॉडेट


पोर्ट सेलेस्टीन
२९ डिसेंबर १९७८

प्रिय क्लॉडेट,

हे अक्षर यवेटचं आहे. मी सांगते आणि ती लिहिते, कारण माझे हात कामात आहेत.

नाताळ झाला. नेहमीप्रमाणे बांधावर नाताळच्या होळ्या पेटवल्या, नेहमीप्रमाणे उलीसनं जास्त घेतली. तू पाठवलेला हातमोज्यांचा जोड मिळाला. सुंदर आहे. इथं कधी घालणार ते देवाला ठाऊक.

तुझं पत्र वाचलं. हेवा करण्यासारखं इथं काही नाही. यापुढचं खोड, यवेट. खोडलंस का? बरं.

उलीस म्हणतो की गम्बो सुधारला आहे.

बाकी ठीक.

अर्लीन

(मी यवेट. मला आणखी लिहायचं होतं, पण ही मला लिहू देत नाहीये आणि वरून बघतेय.)


शिकागो
१८ जानेवारी १९७९

प्रिय अर्लीन,

बहिणीला चार ओळी लिहायलाही हात मोकळे नसतात, एवढा धंदा वाढला असेल तर अभिनंदन. यवेटचं अक्षर छान आहे. तिला म्हणावं, मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग.

चिडले होते म्हणून उशिरा लिहितेय. आणि आता चिडायला वेळ नाही, कारण इथं बर्फ पडला आहे. बर्फ म्हणजे फ्रीजमधला नव्हे. शनिवारी सुरू झाला तो रविवारीही थांबेना. गाड्या गाडल्या गेल्या. पप्पांची गाडी कुठं आहे ते मला फक्त तिच्या एरियलवरून कळतं. बसगाड्या बंद, कचरा उचलायला कुणी येत नाही, पिशव्यांचे डोंगर झालेत, आणि सगळं गाव महापौरांच्या नावानं बोटं मोडतंय.

पण एक आनंदाची बातमी. मला खुर्ची मिळाली! आमच्या दारासमोर रस्त्यातच टाकून दिलेली होती. पिवळी गादी, चकचकीत पाय, फक्त एका कोपऱ्यात शिवण उसवलेली. सोबत एक मोडका झाडू होता, तो तिथंच ठेवला. इथले लोक काय काय फेकून देतात. कचऱ्याची गाडी येत नाही म्हणून बिचारी रस्त्यात पडली असणार. मी पुसली आणि तीन जिने चढवून आणली.

आज पहिल्यांदा या घरात बसून जेवले. एवढं बरं वाटलं की काय सांगू.

तुझी,
क्लॉडेट


शिकागो
२६ जानेवारी १९७९

प्रिय अर्लीन,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

ती खुर्ची टाकून दिलेली नव्हती.

तळमजल्यावर झायाक नावाचं एक पोलिश जोडपं राहतं. झायाकबाईंचे पाय चालत नाहीत. तिला आठवड्यातून काही वेळा दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून म्हाताऱ्यानं दिवसभर फावडं मारून दारासमोर गाडीपुरती जागा मोकळी केली. गाडी बाहेर काढताना त्या जागेत स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवून गेला. इथला रिवाज आहे तो. ज्यानं बर्फ खणला त्याची जागा, आणि खुर्ची म्हणजे त्याची सही. कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पोलीससुद्धा ती खुर्ची हलवत नाही म्हणतात. मी ती हलवली. हलवली काय, घरी आणली आणि तिच्यावर बसून अंडी खाल्ली.

तो परत आला तेव्हा त्या जागेत तिसऱ्याच कुणाची गाडी उभी होती. बायकोला रस्त्याच्या टोकापासून बर्फातून उचलून आणावं लागलं त्याला. म्हातारा सत्तरीचा आहे, अर्लीन.

दुसऱ्या दिवशी पप्पांच्या गाडीवर कुणीतरी नळीनं पाणी मारलं. रात्रीतून त्याचा दगड झाला. दरवाजाची मूठ आत दिसते, काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखी, आणि हात लावता येत नाही. मला काही कळेना. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं हसत हसत समजावलं तेव्हा उलगडा झाला.

खुर्ची घेऊन खाली गेले. म्हाताऱ्यानं दार उघडलं, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठली तू?"

"लुईझियाना."

"तिकडे बर्फ नसतो, खुर्च्या तरी असतात ना?"

मी रडायलाच लागले. तो म्हणाला, "रडून काय करतेस? आत ये, दार उघडं राहिलंय." त्याच्या बायकोनं मला बीटाचं सूप दिलं. गाडीवर पाणी कुणी मारलं असं मी विचारलं तर म्हणाला, "मी नाही. आणि कुणी ते मला माहीत आहे, म्हणून विचारू नकोस."

ते दोघं चांगले आहेत, तरी मला आता इथं राहायचं नाही. मला इथलं काहीच कळत नाही. काय टाकलेलं आहे आणि काय कुणाचं आहे एवढंही कळत नाही. बॅग भरलेलीच आहे. गाडी बर्फातून सुटली की मी निघते. माझी शेगडी पुसून ठेव, मी येतेय.

क्लॉडेट


पोर्ट सेलेस्टीन
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय क्लॉडेट,

अक्षर वाकडं आहे, लावून घे. डाव्या हातानं लिहितेय.

डिसेंबरच्या मध्यात गम्बोचं पीठ माझ्या उजव्या हातावर पडलं. डावीवर ते परतत होते, उजवीवर तेल धूर सोडायला लागलं, मी वळले आणि कढई कलंडली. ते पीठ कसं चिकटतं तुला सांगायला नको. मनगटापासून बोटांपर्यंत गेलं. डॉक्टर म्हणतात हात राहील. तुला कळवलं नाही, कारण तू त्याच दिवशी निघून आली असतीस, आणि मग जन्मभर मला ऐकवलं असतंस की अर्लीनच्या हातामुळे मला शिकागो सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या शेगडीवर यवेट उभी आहे. तुझा अ‍ॅप्रन तिच्या अंगावर आहे. उलीसला जो गम्बो सुधारलेला वाटतो तो तिचा. मी तुला खोटं लिहिलं असं नाही, पण खरंही लिहिलं नाही.

तेव्हा तुझी जागा नाही. यवेटला मी काढणार नाही. तिच्याकडे दुसरं काही नाही, आणि ती ते काम करतेय. तू ये, हे घर आहे, महिनाभर राहा, खा-पी. पण पाहुणी म्हणून ये.

आणि आता रागावलेच आहे तर सगळंच लिहिते. तू जाताना मला विचारलंस का, की अर्लीन, वर्षभर दोन शेगड्या जमतील का? तू सांगितलंस, ठरलं म्हणालीस आणि गाडीत बसलीस. मी हो म्हटलं ही माझी चूक. पण जमेल का, हे मला कुणी कधी विचारतच नाही.

अर्लीन


शिकागो
११ फेब्रुवारी १९७९

अर्लीन,

हात भाजला आणि मला दोन महिने कळवलं नाहीस. बाकीचं मला काही बोलायचं नाही.

तू आईसारखीच आहेस. आधी सगळं अंगावर घ्यायचं आणि मग जखम दाखवायची.

माझ्या नावाचा अ‍ॅप्रन आहे तो. आईनं शिवलेला. तो देताना तुला काहीच वाटलं नाही?

क्लॉडेट


शिकागो
११ मार्च १९७९

प्रिय अर्लीन,

महिनाभर तुझं पत्र नाही. माझ्या त्या चिठ्ठीला उत्तर नव्हतंच, मला माहीत आहे. मी ती फाडायला हवी होती. त्याऐवजी पेटीत टाकली आणि मग पेटीत हात घालायला बघत होते, पोस्टमन म्हणाला, "बाई, सगळ्यांनाच परत पाहिजे असतात."

तुझा हात कसा आहे? पहिल्यांदा हे विचारायला हवं होतं.

आता काय झालं ते सांगते. तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं की घरी नाही तर कुठंही, पण इथून निघायचं. डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को, कुठंही. त्यासाठी गाडी सोडवायला हवी होती. झायाककडून फावडं आणि हातोडी मागितली. ऑफिसातून आलं की रोज तेच. बर्फाला थरावर थर चढलेले, खाली दगड, मध्ये काळी राख. हातांना फोड आले. गल्लीतली माणसं येता-जाता बघायची. कुणी मदत केली नाही, पण बोलायला लागली. "काय लुईझियाना, तेल लागलं का खाली?" चाकं घसरू नयेत म्हणून एकानं न बोलता राखेची बादली आणून ठेवली. मला वाटतं पाणी मारणारा तोच.

मागच्या शनिवारी गाडी सुटली. चालूही झाली, पप्पांची गाडी ती. मी वर जाऊन बॅग आणली, मागच्या सीटवर टाकली आणि गाडी बाहेर घेतली. वळून बघितलं तर माझ्यामागे ती जागा. स्वच्छ, चौकोनी, कडा तासलेल्या, खाली डांबर दिसतंय. एवढ्यात एक हिरवी गाडी हळूहळू येत होती, त्या जागेवर डोळा ठेवून.

काय झालं मला कळलं नाही. मी गाडी तशीच सोडून उतरले आणि त्या जागेत जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, काहीतरी ठेवा तिथं, नाहीतर बाजूला व्हा." ठेवू काय? माझ्याकडे खुर्ची नाही, टेबल नाही, साधं स्टूल नाही. अख्ख्या शिकागोत माझं म्हणावं असं एकच सामान होतं. मी बॅग ओढून काढली, कपडे सीटवर ओतले आणि रिकामी बॅग उघडी करून त्या जागेच्या मधोमध ठेवली. उघडताना डावीकडचं कुलूप अडकलं होतं. वर उचलून दाबलं.

हिरवी गाडी निघून गेली. खिडकीत उभा असलेला झायाक मान डोलावत होता. मग मला कुठंच जायचं नव्हतं. गल्लीला एक चक्कर मारली, परत आले, बॅग उचलली आणि गाडी माझ्या जागेत लावली. कपडे हातावर घेऊन वर गेले. आता ते भिंतीतल्या कपाटात आहेत. खिडकीपाशी झायाकबाईंनी दिलेलं एक स्टूल आहे. बसून जेवते.

आता रोज ऑफिसला गाडीनं जाते आणि बॅग माझी जागा धरते. कुणी हात लावत नाही.

मी खूप विचार केला, अर्लीन. मी तुझ्या स्वयंपाकघरात माझी खुर्ची ठेवून निघून गेले होते. खणत होतीस तू एकटी, आणि वर त्या खुर्चीला वळसा घालून वावरत होतीस. त्यातच तुझा हात भाजला. यवेटला म्हणावं, शेगडी तिची, अ‍ॅप्रन तिचा. नाव उसवून काढ म्हणावं, किंवा राहू दे, तिला हवं तसं. माझ्याकडून हे पक्कं आहे.

बर्फ वितळायला लागला आहे. तो गेला की सगळे आपापल्या खुर्च्या उचलून घरात नेतात. त्यानंतर कुणी जागा धरून ठेवली तर लोक हसतात म्हणे. मीही बॅग उचलीन. मग ती कुठं ठेवू, हाच प्रश्न आहे. मला ती आता लागणार नाही.

तुझी,
क्लॉडेट


पोर्ट सेलेस्टीन
२० मार्च १९७९

प्रिय क्लॉडेट,

बघ, उजव्या हातानं लिहितेय. मूठ अजून वळत नाही, पण पेन धरता येतं.

अ‍ॅप्रन देताना काही वाटलं का, असं तू विचारलंस. वाटलं. यवेट तो बांधत होती तेव्हा मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. नाव तिनं उसवलं नाही. म्हणते, क्लॉडेट म्हणून हाक मारली तरी मी ओ देईन.

तू बॅग रस्त्यात ठेवलीस ते मी दुपारच्या गर्दीत मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. उलीस तर ठसका लागेपर्यंत. मीही हसले, आणि मग मला हसवेना.

ती बॅग मी घेतली तेव्हा तू शाळेत होतीस. ह्यूस्टनला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, सोमवारी निघायचं होतं. रविवारी आई गोदीवर पडली आणि अंथरुणाला लागली. मग आज नाही, उद्या, असं करत मी बॅगेतून एकेक कपडा काढत गेले, लागेल तसा. डावं कुलूप अडकतं ते मला म्हणून माहीत. तुला कधी कुठं जावंसंच वाटलं नाही, असं तू डिसेंबरात लिहिलंस. त्यावर मी यवेटला काय लिहायला सांगितलं आणि काय खोडायला लावलं ते आता सांगून झालं.

यवेटला दोन्ही शेगड्या जमतात. तिनं एका पोरीला ताटं द्यायला ठेवलं आहे. मला विचारलंही नाही, आणि ते बरंच झालं. ईस्टर झाला की मी ह्यूस्टनला जाऊन यावं म्हणते. ते हॉटेल आहे की पडलं, माहीत नाही. या हाताला कोण काम देणार तेही माहीत नाही. चार दिवसांत परत येईन, किंवा नाही येणार. मला भीती वाटते. पण यवेटला सांगून ठेवलं आहे, माझ्यासाठी काही धरून ठेवायचं नाही.

तेव्हा ती बॅग मला पाठव. रस्त्यावर डाग पडले असतील तर असू देत, घासत बसू नकोस. आणि मला माहीत आहे तू काय करशील, म्हणून आधीच सांगते: खाऊ नको, स्वेटर नको, लाल बूट तर नकोच. रिकामीच पाठव.

अर्लीन